मशीन थांबलं ती वेळ लिहा: रेडिओवरच्या विनोदाचा अभिप्राय कसा कळवायचा

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. शटर वर गेलं की रेडिओ सुरू. गिऱ्हाइकांच्या मापांची जी वही असते, तीच उलटी धरून मागच्या पानांवर मी रेडिओचं टिपण ठेवते. अकरा वर्षांत अशा नऊ वह्या भरल्या. बायका विचारतात, "ताई, तुम्ही त्या रेडिओवाल्यांना लिहिता तरी काय?" त्यांच्यासाठी, आणि लिहावंसं वाटतं पण "मस्त होतं"च्या पुढे पेन सरकत नाही अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी नीट ऐकू यायला हवं. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मिडियम वेव्हवर ५५८ला लागते. शिलाई मशीनची मोटर, एलईडी ट्यूब, मोबाइलचा चार्जर, सगळ्यांची खरखर तिथे येते. विनोदात शेवटच्या शब्दावर सगळं असतं आणि नेमका तोच खरखरीत जातो. म्हणून अस्मिता लावली की मी हातशिलाईचं काम काढते, हुक लावते, काजं करते. सेट जागच्या जागी हळूहळू फिरवून पाहा. आत एरियलची आडवी दांडी असते, तिची दिशा जुळली की आवाज एकदम स्वच्छ होतो. एफएमला हा त्रास कमी, पण फोनवर एफएम लावत असाल तर इअरफोनची वायर हवीच, तीच एरियलचं काम करते. 'न्यूज ऑन एअर' हे अॅप सगळ्यात स्वच्छ. फक्त तिथे आवाज थोडा मागून येतो, त्यामुळे वेळ टिपताना "अॅपवर ऐकलं" असं सोबत लिहा.

आता ऐकायचं कसं. माझी रीत सांगते. पहिल्यांदा हातात काम असतानाच ऐकते. शिवता शिवता पाय आपोआप थांबला, तर तो विनोद पोचला असं मी धरते. थांबले ती वेळ लगेच लिहायची: वार, वेळ, स्टेशन, बोलणाऱ्याचं नाव आणि ज्या शब्दावर थांबले तो शब्द. बस, एवढंच. दुकानात कोणी असेल तर त्यांचंही टिपते. एकाच वाक्यावर कॉलेजची मुलगी हसली आणि तिच्या आजीने मान वर केली नाही, हे कार्यक्रम करणाऱ्याला कळलं तर त्याला उपयोग होतो. खासगी एफएमवर दोन-तीन मिनिटांचे तुकडे दिवसातून परत लागतात. दुसऱ्यांदा लागला की काम बाजूला ठेवून ऐका. पहिल्या वेळी हसू आलं ते शब्दांमुळे की बोलणाऱ्याच्या लकबीमुळे, हे दुसऱ्या वेळी कळतं.

हा फरक फार महत्त्वाचा आहे. विविध भारतीवर, म्हणजे आपल्याकडे १०२.८ला, रात्री आठला 'हवामहल' लागतं. पंधरा मिनिटांची हिंदी नाटिका. तिथे लेखक वेगळा, कलाकार वेगळे, दिग्दर्शक वेगळा. संवाद सपक असूनही एखादी बाई नुसत्या "अच्छा जी" म्हणण्याने प्रसंग उभा करते. उलट चांगला लिहिलेला विनोद घाईत बोलून वाया गेलेलाही ऐकला आहे. नावं सांगतात तेव्हा पेन हातात ठेवा आणि शाबासकी असो वा तक्रार, ज्याची त्याला द्या. माझ्या सासूबाई आकाशवाणीवरची 'प्रपंच' ही घरगुती मालिका ऐकून वाढलेल्या. पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी नीलम प्रभू आणि टेकाडे भावोजी प्रभाकर जोशी, हे त्या पाढ्यासारखं म्हणायच्या. आगाऊ सल्ला द्यायला कोणी दारात उभं राहिलं की आत येऊन हळूच सांगायच्या, "टेकाडे भावोजी आलेत." चेहरा न पाहता माणूस ओळखीचा करून देणं ही केवढी मोठी कला आहे! ती जिथे दिसेल तिथे नाव घेऊन लिहा. हे कलाकार समोरचा प्रेक्षक न दिसता काम करतात. तुमची एक ओळ त्यांच्यासाठी टाळीच्या जागी असते.

पुढचा प्रश्न मी दरवेळी वहीत लिहिते: हसलो ते कोणाला? काही वर्षांपूर्वी माझ्या एका गिऱ्हाईक बाईंना एका रेडिओ स्टेशनवरून गंमत म्हणून खोटा फोन आला, मुलाच्या फीबद्दल. त्यांचा घाबरलेला आवाज आम्ही दुकानात सगळ्यांनी ऐकला. फोन करणारा कसबी होता, बोलणं अचूक, थांबणं अचूक. मी पत्रात ते कबूल केलं आणि पुढे लिहिलं, "बाईंचा श्वास अडकला ते ऐकून आम्ही तिघी गप्प झालो. खरं सांगायला आणखी वीस सेकंद लावलीत, तिथे आमचं हसू गेलं." उत्तर आलं नाही. पण मी आजही तसंच लिहीन. याच्या उलट, २०१७मध्ये रेड एफएमची निवेदिका मलिष्का हिने 'सोनू'च्या चालीवर मुंबईतल्या खड्ड्यांचं गाणं केलं, तेव्हा हसू कारभाराला होतं, गरिबाला नव्हतं. घोडबंदर रोडवरून रोज धक्के खात येणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांना ते आपलंच वाटलं.

बोलीचंही तसंच. माझ्याकडे काम शिकणारी मुलगी कशेळीची, आगरी घरातली. 'ळ'चा 'ल' केला की आगरी माणूस तयार झाला असं काही जणांना वाटतं. मग तो माणूस कायम आरडाओरडा करणारा आणि बावळट. ती मुलगी अशा वेळी काही बोलत नाही, रेडिओचा आवाज कमी करते. एकदा मी तिलाच लिहायला बसवलं. तिने लिहिलं, "आमच्या आजीला कोणाची खेचायची असली की ती आवाज चढवत नाही, उतरवते. तुमचं पात्र एकदा हळू बोलून बघा." माझ्या नऊ वह्यांत इतका नेमका अभिप्राय दुसरा नाही. तुमच्या घरची बोली रेडिओवर ऐकू आली तर तुम्हीच लिहा, माझ्यासारख्या बाहेरच्या बाईला ते कळणार नाही.

कागद घेण्याआधी तोंडाने बोलून पाहा. इंग्लंडच्या बीबीसी रेडिओवर १९६७पासून एक खेळ चालतो, 'जस्ट अ मिनिट'. दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचं. अडखळायचं नाही, शब्द परत वापरायचा नाही, विषय सोडायचा नाही. २०१२मध्ये त्याचे दोन भाग मुंबईत रेकॉर्ड झाले होते. मी तोच नियम अभिप्रायाला लावते, घड्याळ समोर ठेवून. "छान" दोनदा आलं की थांबायचं आणि पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीपर्यंत फापटपसारा गळून जातो.

मग लिहायचं. नमुना देते:

"मंगळवारी सकाळी सव्वाआठला तुम्ही रिक्षावाला आणि सुट्या पैशांचा प्रसंग केलात. 'दहा रुपये तुमच्याकडे, आठवण माझ्याकडे' या वाक्यावर दुकानात आम्ही चौघी हसलो. त्यानंतर मागून हसण्याचा आवाज लावलात, तो नको होता. आम्ही हसत असताना पुढचं वाक्य त्यात बुडालं."

यात वेळ आहे, वाक्य आहे, काय आवडलं, काय खटकलं आणि का, सगळं आलं. बोलणाऱ्याच्या दिसण्याबद्दल, वजनाबद्दल, घरच्यांबद्दल एक अक्षर लिहू नका. एका पत्रात एकच कार्यक्रम.

पाठवायचं कुठे? आकाशवाणीसाठी पोस्टकार्ड, पन्नास पैशांत जातं. आकाशवाणी भवन, चर्चगेट, मुंबई ४०००२०, आणि सगळ्यात वर कार्यक्रमाचं नाव ठळक लिहायचं. विविध भारतीवर 'पत्रावली'त श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं मिळतात. तिथे लिहायचं तर हिंदीत लिहिते. खासगी स्टेशनवाले व्हॉट्सअॅपचा नंबर कार्यक्रमातच सांगतात. सकाळचा कार्यक्रम चालू असताना तिथे मेसेजचा पूर असतो, म्हणून मी दुपारी, जेवणाआधी पाठवते. बोलून पाठवणार असाल तर अर्ध्या मिनिटात संपवा आणि मागचा मिक्सर बंद करा.

त्याच दिवशी पाठवा. दुसऱ्या दिवशी शब्द आठवत नाहीत, फक्त हसू आठवतं. पोस्टकार्ड पेटीत टाकण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी उत्तर आलं तर आपण काय लिहिलं होतं ते सापडतं. माझ्याकडे अशी सात उत्तरं आली आहेत. मापांच्या वहीत, ज्या पानावर ते टिपण होतं तिथेच चिकटवून ठेवली आहेत.