उपोष्ण किनाऱ्यावर तंबू किंवा मोटरहोमचा मुक्काम: आखणी कशी करावी

उपोष्ण कटिबंधातील समुद्रकिनारी तंबू ठोकून किंवा मोटरहोम घेऊन राहण्याचा बेत करताना बहुतेक जण आधी वाहन ठरवतात, मग जागा आणि सर्वांत शेवटी तारखा. हा क्रम उलटा असायला हवा. तारीख चुकली तर चांगल्या वाहनाचा आणि चांगल्या जागेचाही फारसा उपयोग होत नाही. अशा किनाऱ्यावर दिवसाच्या उन्हाचा त्रास सावलीत बसून टाळता येतो. रात्रीच्या दमटपणातून मात्र सुटका नसते. म्हणून सगळी आखणी रात्र डोळ्यांसमोर ठेवून करावी.

उपोष्ण पट्टा साधारणपणे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यापासून ३५ अंश अक्षांशापर्यंत पसरलेला मानतात. परंतु त्यातील सर्व किनारे सारखे नसतात. खंडांच्या पूर्व बाजूला, म्हणजे फ्लोरिडा, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचा दक्षिण भाग किंवा दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल येथे, किनाऱ्यालगत उबदार सागरी प्रवाह वाहतात आणि उन्हाळा दमट व पावसाळी असतो. पश्चिम बाजूला प्रवाह थंड असल्यामुळे उन्हाळा कोरडा आणि पुष्कळदा धुक्याचा असतो. पुढील विवेचन मुख्यतः पूर्वेकडील दमट किनाऱ्यांसाठी आहे, कारण खरी पूर्वतयारी तेथेच लागते.

अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो आणि त्याचा जोर १० सप्टेंबरच्या आसपास सर्वाधिक असतो. ऑस्ट्रेलियात हा काळ १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल असा आहे. समुद्र जमिनीपेक्षा सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो, तर वादळाला बळ मिळण्यासाठी पाण्याचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक लागते. म्हणून उन्हाळा ओसरू लागल्यावरही वादळांचा धोका टिकून राहतो. यामुळेच हिवाळ्याच्या खालोखाल वसंत ऋतूची निवड करावी, शरद ऋतूची नव्हे. दोन्ही ऋतूंत हवा जवळजवळ सारखीच वाटते, पण वसंतात समुद्र अजून थंड असतो. पोहताना थोडी हुडहुडी भरेल, एवढाच तोटा. हिवाळ्यातील जागा मात्र कित्येक महिने आधीच भरतात, त्यामुळे आरक्षण लवकर करावे.

तारखा निश्चित करण्यापूर्वी त्या काळातील दवबिंदूचे, म्हणजे हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते त्या तापमानाचे, आकडे पाहावेत. सापेक्ष आर्द्रतेचा आकडा दिवसभर वरखाली होत राहतो आणि त्यावरून अंदाज चुकतो. दवबिंदू त्या मानाने स्थिर असतो आणि रात्रीचे तापमान सहसा त्याच्या फारसे खाली उतरत नाही. दवबिंदू १६ अंशांच्या खाली असेल तर तंबूत सुखाने झोप लागते, २१ च्या वर अंग चिकट होते आणि २४ च्या आसपास वातानुकूलनाशिवाय झोप लागणे कठीण. तंबू की मोटरहोम, हा निर्णय माझ्या मते या एका आकड्यावर सोडावा.

जागा निवडताना वारा आणि कीटक यांचा एकत्र विचार करावा लागतो. खारफुटीच्या किंवा खाडीच्या कडेची निवाऱ्याची जागा नकाशावर आकर्षक दिसते, परंतु तेथे संध्याकाळी अगदी बारीक चावऱ्या माश्यांचे थवे असतात. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून त्या सहज आत शिरतात, म्हणून अधिक बारीक विणीची जाळी घ्यावी. त्या उडण्यात दुबळ्या असल्यामुळे हलक्या वाऱ्यातही टिकत नाहीत. एक लहान पंखा अनेक फवाऱ्यांपेक्षा जास्त कामाचा ठरतो. म्हणून थोडी उघडी, वारा खेळता असलेली आणि तरीही दुपारनंतर सावलीत येणारी जागा शोधावी. वाळक्या फांद्यांखाली मुक्काम करू नये, तसेच वाळूच्या टेकड्यांवरील वनस्पती तुडवू नयेत. टेकडी धरून ठेवण्याचे काम त्यांच्या मुळ्याच करतात.

पुळणीवर राहण्याची परवानगी असेल तर भरतीचे वेळापत्रक सोबत हवे. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाचे पाणी अष्टमीच्या सुमाराच्या लहान, म्हणजे भांगाच्या, भरतीपेक्षा बरेच वर चढते. आदल्या दिवशी ओली रेषा कोठे होती यावर विसंबून राहू नये.

वाळूत नेहमीच्या बारीक मेखा धरत नाहीत. रुंद व लांब मेखा घ्याव्यात, किंवा कापडी पिशव्या वाळूने भरून, दोरी बांधून हातभर खोल पुराव्यात. तंबूचे ताण त्या उत्तम सांभाळतात. तंबू दुहेरी थराचा आणि समोरासमोर खिडक्या असलेला असावा. खाली अंथरायचे कापड तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नये, कारण बाहेर राहिलेली कड पावसाचे पाणी थेट अंथरुणाखाली आणते.

मोटरहोममध्ये विजेचा हिशेब कागदावर मांडावा. छतावरचा एक वातानुकूलन संच चालू असताना साधारण १५०० वॉट घेतो. रात्रीचे आठ तास तो निम्मा वेळ चालला, असे धरले तरी ६ किलोवॉट-तास वीज लागते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या एका लिथियम बॅटरीत जेमतेम १.२ किलोवॉट-तास मावतात, म्हणजे एका रात्रीसाठी अशा पाच बॅटऱ्या हव्यात. उलट ३० वॉटचा पंखा तेवढ्याच वेळात पाव किलोवॉट-तासही घेत नाही. त्यामुळे दमट हंगामात वीजजोडणी असलेलीच जागा घ्यावी. उत्तर अमेरिकेतील १२० व्होल्टच्या ३० अँपिअर जोडणीवर ३६०० वॉट मिळतात. वातानुकूलन, मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवण्याचे यंत्र एकदम लावल्यास वीज खंडित होणारच. जनरेटर वापरायचा असल्यास तो खिडक्यांपासून दूर ठेवावा आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू आहे याची खात्री करावी.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. म्हणून पाण्याची टाकी मुक्कामाजवळ भरावी. वाहनाची उंची मोजून चालकासमोर लिहून ठेवावी. अवजड मोटरहोम वाळूवर नेऊ नये. चारही चाकांना इंजिनाची चालना असलेले (फोर-व्हील ड्राइव्ह) वाहन नेताना चाकांतील हवा कमी करावी आणि डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरावी. क्वीन्सलँडमधील क'गारी बेटावर भरतीच्या आधी व नंतर दोन-दोन तास किनाऱ्यावरून वाहन नेऊ नये, असा सल्ला दिला जातो. तो अन्यत्रही पाळण्याजोगा आहे. परतल्यावर वाहनाचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, अन्यथा खार गंजाच्या रूपाने पुढे वसुली करतो.

चक्रीवादळाची सूचना मिळाल्यास स्थलांतराच्या आदेशाची वाट न पाहता निघावे, कारण उंच मोटरहोम जोरदार वाऱ्यात चालवणे धोक्याचे असते आणि उशिरा निघणाऱ्यांना रस्ते भरलेले मिळतात. इंधनाची टाकी निम्म्याखाली येऊ देऊ नये आणि किनाऱ्यापासून आत जाणारे दोन मार्ग माहीत असावेत. मेघगर्जना ऐकू आल्यास तंबू सोडून पक्क्या इमारतीत किंवा धातूचे छत असलेल्या मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तेथेच थांबावे. फायबरग्लासच्या सांगाड्याचे मोटरहोम त्या वेळी भरवशाचे नसते.

समुद्रात आत ओढणारा प्रवाह लागल्यास त्याच्याशी झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहून त्यातून बाहेर पडावे. कासवांच्या विणीच्या काळात किनाऱ्याकडील दिवे बंद ठेवावेत, कारण पिल्ले उजेडाकडे भरकटतात. मगरी किंवा सुसरी असलेल्या प्रदेशात तळी व खाड्यांच्या काठाशी तंबू लावू नये.

पहिल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी किमान दोन तास पोहोचता येईल असा प्रवास आखावा, म्हणजे कीटक बाहेर पडण्याआधी जाळ्या लागतात. परतल्यावर तंबू कोरडा वाटला तरी त्याच दिवशी उघडून वाळत घालावा. दमट हवेत घडी करून ठेवलेल्या कापडाला एक-दोन दिवसांतच बुरशी धरते आणि तिचा वास मग धुऊनही पुरता जात नाही.