झबल्या-टीशर्टांची पहिली गोधडी

लहान झालेले कपडे काढून बसलं की पहिला मोह होतो तो सगळ्यांचे पाच-पाच इंची चौकोन कापायचा. पहिल्या गोधडीला तो टाळा. झबल्यातून असे चौकोन जेमतेम दोन निघतात, टीशर्टावरचा हत्ती सोंडेपाशी तुटतो, आणि होजियरीचे चौकोन एकमेकांना जोडताना असे ताणले जातात की एक कोपरा जुळत नाही. आपली जुनी रीत इथे जास्त कामाची आहे. खाली साडीचे थर, वर मिळेल त्या मापाचं ठिगळ, आणि सगळ्यांना धरून ठेवणारा धावदोरा. मशीन लागत नाही, आणि कुठे फट राहिली तर तिथे आणखी एक ठिगळ बसतं.

जवळपास ३ फूट बाय सव्वातीन फूट गोधडीला एक ते तीन वर्षांच्या वयातले १२-१४ कपडे पुरतात. एक जुनी, पण विरलेली नाही अशी सुती साडी घ्या. दीड-दोनशे मीटर जाड सुती दोरा, दोन इंच लांबीची, मोठ्या नेढ्याची सुई, अंगुस्तान आणि मेणबत्तीचा तुकडा जवळ ठेवा. दाभण नको, त्याने पाडलेली भोकं जुन्या कापडात बुजत नाहीत.

कपडे निवडताना जीव घट्ट करावा लागतो. सुती फ्रॉक, झबली, कुडती, पायजमे, टीशर्ट चालतात. जीन्स नको, तिच्यातून सुई जात नाही. लोकरीचं स्वेटर धुतल्यावर वेगळं आटतं आणि शेजारच्या कापडाला ओढतं. वाढदिवसाच्या जाळीच्या फ्रॉकचे धागे सुटतात आणि अंगाला टोचतात; त्याचं सुती अस्तर मात्र उसवून घ्या, ते उत्तम निघतं. प्रत्येक गडद कपडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. लाल, निळा डाग उमटला तर दोन-तीनदा धुवा, आणि तरी उमटला तर तो बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने विकतच्या कापडाचा सुटणारा रंग पक्का होत नाही. साडीसकट सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कात्री चालवा. कोरं कापड मध्ये राहिलं तर पहिल्या धुण्यात तेवढंच आटतं आणि वर चुण्या पडतात.

उसवत बसू नका, शिवणीच्या दोन्ही बाजूंनी कापून ती काढून टाका. जाड शिवण आत राहिली तर नेमकी तिथेच सुई वाकते. बटणं, हूक, टिकल्या, इलॅस्टिक सगळं काढा. चित्र असेल तर भोवती एक इंच मोकळं ठेवून कापा, म्हणजे अर्धा इंच आत दुमडूनही हत्तीची शेपूट शाबूत राहते. खिसा असलेला तुकडा खिशासकट घ्या. त्यातून टाके घालू नका, फक्त कडेने घाला. मुलं गोधडीत आधी तो खिसाच शोधतात.

होजियरीचा तुकडा कापल्याबरोबर कडेने गुंडाळायला लागतो आणि आडवा ताणला जातो. साडीच्या उरलेल्या भागातला त्याच मापाचा तुकडा पाठीमागून ठेवून चारी बाजूंनी टाचून घ्या. एवढं केलं की तो साध्या कापडासारखा वागतो. रबरी छपाईवर इस्त्री थेट टेकवू नका, छपाई वितळून चिकटते. वर फडकं घ्या किंवा उलट्या बाजूने फिरवा. छपाईतून सुईही अडखळत जाते, म्हणून मोठं छापील चित्र असलेले तुकडे तीन-चारच ठेवा.

साडीचे दोन्ही काठ कापून टाका, साधारण ४२ इंच पन्हा उरतो. त्यातून ४० बाय ४२ इंचांचा एक तुकडा पाठीसाठी आणि ३८ बाय ४० इंचांचे तीन मधल्या थरांसाठी कापा. चारापेक्षा जास्त थर पहिल्यांदा घेऊ नका, हात भरून येतो आणि टाके मोठे होत जातात. पाठ जमिनीवर उलटी अंथरा, त्यावर तिन्ही थर मधोमध ठेवा आणि तळव्याने मधून कडेकडे सपाट करत जा. मग चार-चार बोटांवर कच्चे टाके घाला, तेही मधून बाहेर. यात घाई केली की हमखास पुढे मधोमध फुगा येतो, आणि तो शेवटी कळतो. पाठीची एक इंच जादा कड वर दुमडून टाचून घ्या.

आता ठिगळं. कोपऱ्यापासून सुरुवात करा. ठिगळाच्या बाहेरच्या दोन बाजू अर्धा इंच आत दुमडा आणि गोधडीच्या कडेपासून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आत बसवा, म्हणजे पाठीची दुमडलेली कड झाकली जाते. पुढचं ठिगळ आधीच्यावर अर्धा इंच चढवा, चढणारी बाजू दुमडून. आतली कड उघडीच राहू द्या, दुसरा फेरा तिच्यावर येतो. कडेने पूर्ण फेरा, मग त्याच्या आत दुसरा, असं मध्यापर्यंत. एकदम सगळी ठिगळं मांडून टाचून टाकू नका. एक फेरा लावा, शिवा, मग पुढचा. त्यामुळे जरा कुठे ढिलाई आली तरी पुढचं ठिगळ तिच्यावर सपाट बसवता येतं.

दोरा हातभर, म्हणजे १८-२० इंचच घ्या, त्यावर मेण फिरवा. लांब घेतला की गुंता होतो आणि नेढ्यापाशी झिजतो. धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या-अर्ध्या इंचावर, इंचात वरून दोन टाके दिसतील असे. सुई पाठीपर्यंत गेली का ते डाव्या हाताचं बोट खाली ठेवून बघत चला, नवशिक्यांचे निम्मे टाके वरच्याच थरात अडकतात. चार टाके सुईवर घेऊन मग ओढा, आणि वीतभर झालं की अंगठ्याने ओळ ताणून सैल करा. बारीक सुरकुत्या पडणारच, त्यांनीच गोधडी ऊबदार आणि मऊ होते. पण कड बोटभर आत ओढली गेली तर दोरा जास्त ताणला जातोय. रोज तासभर बसलं तर तीन-चार आठवडे धरा.

कोपरे सर्वांत आधी झिजतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांवर घडी घातलेली कापडी 'फुलं' लावतात. उरलेले लहान तुकडे घडी करून तसे लावले तर कोपरा जाड होतो आणि दिसायलाही गोड दिसतो. झबल्याचे बंद टाकू नका, एक जोडी कडेत अडकवली की गोधडी खुंटीला टांगता येते.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर झोपेत ही पांघरू नका, तोंडावर येऊ शकते. जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर खाली अंथरायला वापरा. पहिलं धुणं थंड पाण्यात, एकटीचं. ओली गोधडी फार जड होते, एका दोरीवर टाकली की मधून ताणली जाते, म्हणून दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा आणि दर दोन तासांनी उलटा.