माणदेशच्या आकाशाखाली दुर्बीण नेण्याआधी

मृगातला तेजोमेघ किंवा त्याच्या शेजारचा घोड्याच्या डोक्यासारखा काळा मेघ दुर्बिणीला कॅमेरा लावून टिपायचा असेल, तर अमावास्येच्या आठवडाभर आधीच कामाला लागा. पहिल्यांदा जागा ठरवा. साताऱ्यात कुणालाही विचारलं तर कास सांगतील. तिथं अंधार आहे, पण दवही आहे, शिवाय पठार संरक्षित असल्याने रात्री थांबायची परवानगी आधी काढावी लागते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, म्हणजे वारा आलाच, आणि वाऱ्यात पाच मिनिटांचं एक्सपोजर, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवून घेतलेला फोटो, टिकत नाही. मी माणातली दहिवडीकडची बाजू निवडेन. ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून उत्तरेला झाड किंवा डोंगर नसलेलं रान बघा, कारण आपल्या अक्षांशावर ध्रुवतारा जेमतेम साडेसतरा अंश वर असतो. तो दिसला नाही तर माउंटचा, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीचा, अक्ष ध्रुवाकडे लावणं जिकिरीचं होतं.

याच कमी अक्षांशामुळे आणखी एक अडचण येते. अशा विषुववृत्तीय माउंटचा अक्ष इथं बराच आडवा होतो आणि दुर्बिणीला तोलणाऱ्या वजनाचा दांडा फिरताना ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला आपटतो. लेथवाल्याकडून जाड पाइपचा वीतभर तुकडा दोन्ही बाजूंनी चकत्या लावून करून घ्या आणि ट्रायपॉड व माउंट यांच्यामध्ये बसवा. या तुकड्यात हलकेपणा पाहू नका, तो जड आणि ताठच हवा.

नुसत्या डोळ्यांनी बघायला घेतलेल्या न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत कॅमेरा लावला की बऱ्याचदा फोकसच मिळत नाही, कारण प्रतिमा सेन्सरपर्यंत पोहोचायच्या आतच जमते. उपाय म्हणजे मुख्य आरसा नळीत पुढे सरकवणं. त्यासाठी लांब बोल्ट आणि चांगल्या स्प्रिंगा आणा, आणि किती सरकवायचा ते दिवसा अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरवर नेम धरून ठरवा. सूर्य त्या बाजूला नसतानाच हे करायचं, यात सूट नाही. नळीला आतून काळं मखमली कापड चिकटवा, आरशामागची उघडी बाजू काळ्या कापडाने झाका आणि कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरवर काळी चिकटपट्टी लावा. अंधुक वस्तूंच्या फोटोत आगंतुक उजेड सगळ्यात जास्त नासधूस करतो, आणि तो अडवायला फारसा खर्च येत नाही. म्हणून पैसे मोठ्या दुर्बिणीत घालण्याआधी हे करा असं माझं ठाम मत आहे.

पौष-माघात पहाटे माणातही दव धरतं. ४७० ओहमचे अर्ध्या वॅटचे रेझिस्टर समांतर जोडून १२ व्होल्टवर चालवले की प्रत्येकी सुमारे ०.३ वॅट उष्णता मिळते आणि दव अडतं. नळीतल्या छोट्या तिरप्या आरशाच्या मागे तीन आणि गाइडस्कोपच्या (माउंट ताऱ्यामागे नीट फिरतंय ना ते बघणाऱ्या छोट्या दुर्बिणीच्या) भिंगाभोवती आठ पुरतात. तार आरसा धरणाऱ्या पट्टीच्या आडोशाने न्या, म्हणजे ताऱ्यांना नवे किरण फुटत नाहीत. सगळे मिळून पाव अँपियरच्या थोडं वर जातं, दहा तासांत तीन अँपियर-तास धरा. यूपीएसची ७ अँपियर-तासांची बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, त्यामुळे माउंटला दुसरी बॅटरी हवी.

फोकससाठी बाहतिनोव मास्क, म्हणजे नळीच्या तोंडावर लावायची खाचांची जाळी, जाड काळ्या पुठ्ठ्यातून कापता येतो. त्यातून ठळक ताऱ्याला तीन रेघा फुटतात. मधली रेघ दोन तिरप्या रेघांच्या बरोबर मध्ये आली की झालं.

कॅमेऱ्यातली फिल्टर काढायचं काम मात्र सगळ्यात शेवटी ठेवा. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश ही फिल्टर बराचसा अडवते, म्हणून रोझेटसारखे लाल तेजोमेघ फिके येतात. पण फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही झटका देण्याइतका विद्युतभार राहतो आणि सेन्सरवर धूळ बसली की ती सहज निघत नाही. जुनी, दुय्यम बॉडी असेल तरच हात घाला. तोवर मृगाचा मोठा तेजोमेघ साध्या कॅमेऱ्यातही छान येतो.

पिशवीत पांढरं सुती कापड टाका. पहाटे आकाश उजळलं की ते नळीच्या तोंडावर ताणून फ्लॅट फ्रेम (धुळीचे डाग आणि कडेचा काळोख नंतर दुरुस्त करायला लागणारे फोटो) घ्यायच्या, कॅमेरा न फिरवता आणि फोकस न हलवता. सेन्सरचे स्वतःचे ठिपके वजा करायला लागणाऱ्या डार्क फ्रेम त्याआधी, त्याच थंडीत, मूळ फोटोंएवढ्याच एक्सपोजरच्या आणि त्याच आयएसओवर (कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेच्या आकड्यावर), झाकण लावून.