पुरण जमतंय ना? मग मूनकेक पण जमतोय

आमच्या शेजारचा पोरगा चीनला एमबीबीएसला आहे, तो सुट्टीला सांगलीला आला तेव्हा मूनकेकचा (चिनी सणाचा, आत गोड सारण भरलेला गोल केक) एक डबा घेऊन आला. आमच्या आईनं सुरीनं एक कापला, चव घेतली आणि म्हणाली, "अगं हे तर भाजल्यालं पुरण आहे की!" तिथनं आमचा नाद सुरू झाला. चार वेळा बिघडला, पाचव्यांदा जमला, म्हणून लिहितेय.

आधी सण कुठला ते. चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याची पौर्णिमा, तिकडं झोंगछिऊ म्हणतात, म्हणजे मध्य शरद. २०२५ ला हा सण ६ ऑक्टोबरला आला, म्हणजे नेमका आपल्या कोजागिरीला, आणि २०२६ ला २५ सप्टेंबरला येतोय, आपल्या अनंत चतुर्दशीला. असं मागं-पुढं का होतंय तर अधिक महिना त्यांच्यात पण असतो, फक्त त्यांचा कधीकधी वेगळ्या वर्षी पडतो. गोष्ट अशी की आभाळात दहा सूर्य होते, होऊ यी नावाच्या धनुर्धराने नऊ पाडले, त्याला अमृत मिळालं, ते त्याची बायको छांग-अ प्याली आणि उडून चंद्रावर गेली. तिथं तिच्या सोबतीला एक ससा आहे, खलबत्त्यात औषध कुटत बसलेला. आपण चंद्राला शशी म्हणतो ते पण सशावरनंच की! २०१३ ला चीनने चंद्रावर गाडी उतरवली तिचं नाव पण युतू, म्हणजे जेड दगडाचा ससा.

आता कामाचं बोलू. खरं सारण कमळबियांचं असतंय, आत खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक, पौर्णिमेचा चंद्र म्हणून. कमळबी म्हणून मखाणे आणू नका, मखाणा वेगळ्याच झाडाचा. दुसरं सारण लाल बीन्सचं, ते आपल्याला सोपं, त्याला लाल चवळी चालते.

चवळी २०० ग्रॅम रात्री भिजवा, कुकरला मऊ शिजवा, पाणी पूर्ण निथळा (कट करायचा असेल तर करा, आम्ही केला, बरा झाला) आणि पुरणयंत्रातनं काढा. मग जाड बुडाच्या कढईत १५० ग्रॅम साखर आणि ५० ग्रॅम शेंगतेल घालून परता. इथं घाई करायची नाही. आपलं पोळीचं पुरण जेवढं घट्ट करतो त्याच्याही पुढं न्यायचं, उलथनं उभं राहून भागत नाही, गोळा कढईला अजिबात चिकटला नाही पाहिजे. आमचे पहिले दोन घाणे ह्याच्यातच गेले, सारण ओलं राहिलं आणि ओव्हनमध्ये केक फुगून कडेनं फुटले, पोरं म्हणली कचोरी केलीय काय.

वरचं आवरण म्हणजे मैदा २०० ग्रॅम, शेंगतेल ५० ग्रॅम आणि पाक १४० ग्रॅम. हा पाक तिकडं साखरेत लिंबू घालून तासभर मंद आचेवर आटवतात आणि बरेच दिवस मुरवतात, पण आपण ऊसवाल्या जिल्ह्यात राहतो, काकवी आणा की सरळ! फक्त मधासारखी दाट बघून घ्या, पातळ असेल तर जरा आटवून गार करा. रंग गडद येतोय, येऊ दे. मूळ रेसिपीत क्षाराचं पाणी असतं, पाकाचा आंबटपणा मोडायला आणि रंग धरायला, त्याच्या जागी पाव चमचा पापडखार चमचाभर पाण्यात विरघळवून घाला. गणपती पेठेत किराणावाल्याकडं मिळून जातोय. सगळं नुसतं एकत्र करायचं, कणकेसारखं मळलं की चिवट झालं समजा. दोन तास झाकून ठेवा.

आवरणाचा गोळा २० ग्रॅमचा, सारणाचा ३० चा, भरायचं पुरणपोळीसारखंच. साच्याला मैदा भुरभुरा, दाबा, ठोकून काढा. साचा ऑनलाईन मिळतोय, मोठ्या पेढ्याचा असेल तर तोही चालेल. ओव्हन १८० ला, आधी वरनं थोडं पाणी शिंपडून पाच मिनिटं, बाहेर काढून जरा निवू द्या, मग दुधाचा हलका हात फिरवून अजून बारा ते पंधरा मिनिटं. ते लोक अंड्याचा बलक लावतात, पण आमच्याकडं गणपती बसल्यावर अंड्याचं नावच काढायचं नाही.

आणि बाहेर आल्या आल्या खाऊ नका! कडक बिस्किटासारखा लागतोय आणि वाटतं फसलं. डब्यात घालून दोन दिवस ठेवा, सारणातलं तेल आवरणात उतरतं आणि मऊ चकचकीत होतंय, ह्याला ते लोक "तेल परत येणं" म्हणतात. आम्ही तिसऱ्यांदा केलेले चांगले केक ह्याच अज्ञानात गाईला घातले.

खायची पद्धत पण आहे. अख्खा एकट्यानं खायचा नसतो, घरात जेवढी माणसं तेवढ्या फोडी, कारण गोल म्हणजे सगळे एकत्र. गच्चीवर, चंद्राकडं तोंड करून, साखर न घातलेल्या चहाबरोबर, कारण गोड लई असतोय. ताटात पपनस ठेवतात (ते आपल्याकडं त्याच दिवसात येतंय) आणि उकडलेल्या अळकुड्या. पेअर मात्र वाटून खात नाहीत, "पेअर वाटणे" आणि "ताटातूट" ह्या दोन्हीचा चिनीत उच्चार सारखाच. पोरांच्या हातात कंदील, आमच्याकडं माळ्यावरचा दिवाळीचा आकाशकंदील लवकर खाली उतरला एवढंच.

सगळीकडं गोडच असतो असं पण नाही, चीनमधल्या सूचौ शहराकडं आत डुकराचं मटण घालतात, आणि कोरियात त्याच पौर्णिमेला तांदळाच्या पिठाचे तीळ भरलेले अर्धचंद्र उकडतात, साँगप्यन म्हणतात, बघितलं तर मोदकाचा चुलतभाऊच. ते पुढच्या वेळी करणार आहे, उकड तर येतेच.