घुमट आरतीचा व्हिडिओ एडिट करताना स्नॅपिंग कसं वापरायचं

चवथीच्या आरतीचे क्लिप दोन-तीन मोबाइलवर असतात, एकात घुमट (गोव्यातलं मडक्यासारखं तालवाद्य) वाजवणारे हात, एकात फळं-पानांच्या माटोळीखाली बसलेला गणपती, आणि ते टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगमध्ये क्लिप ओळीने लावायच्या पट्टीवर, जोडताना मध्ये कुठेतरी एका फ्रेमची फट राहून जाते. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत ती फक्त ४० मिलिसेकंदांची, पण टीव्हीवर लावला की तो काळा झटका लगेच डोळ्यात येतो. ही फट राहू नये म्हणूनच स्नॅपिंग, म्हणजे ओढलेला क्लिप जवळच्या कडेला आपोआप चिकटवणारी सोय.

आधी ते ऑन आहे का बघा. टाइमलाइनच्या वर लोहचुंबकाचं चिन्ह असतं. कीबोर्डवरून ते ऑन-ऑफ होतं, प्रीमिअर प्रो ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एसने, डाविंची रिझॉल्व्हमध्ये एनने. आता क्लिप ओढत शेजारच्या क्लिपजवळ न्या, कडेला कड चिकटते आणि उभी रेघ दिसते, ती दिसली की मगच माऊस सोडा.

आता खरं काम, ठेक्यावर कट. स्नॅपिंगला ठेका कळत नाही हो, ते फक्त क्लिपची कड, प्लेहेड (व्हिडिओ कुठे चालू आहे ते दाखवणारी रेघ) आणि मार्कर (आपण टाइमलाइनवर केलेली खूण) ओळखतं, त्यामुळे मार्कर आपणच द्यायचे. कुठलाही क्लिप सिलेक्ट नसू दे, नाहीतर मार्कर त्या क्लिपवरच बसतो. आरती प्ले करा आणि घुमटावर जोरात थाप पडली की एम दाबा. बोट जरा उशिरा पडतंच, म्हणून नंतर झूम करून ऑडिओच्या वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) थापेचा उंच सुळका जिथून सुरू होतो तिथे मार्कर ओढून आणा. हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका, सगळी मजा ह्यातच आहे. मग प्रत्येक क्लिपची कड त्या मार्करकडे ओढली की ती नेमकी थापेवर बसते.

एखादा क्लिप दोन-तीन फ्रेमच सरकवायचा असेल, म्हणजे कांसाळ्यांचा (झांजांचा) आवाज आणि हात जुळत नसतील, तर मात्र स्नॅपिंग बंद करा, नाहीतर ते सारखं जवळच्या कडेकडे खेचत राहतं. त्यापेक्षा क्लिप सिलेक्ट करून एकेक फ्रेम सरकवणं बरं, रिझॉल्व्हमध्ये स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कीने, विंडोजवरच्या प्रीमिअरमध्ये ऑल्ट धरून डाव्या-उजव्या बाणाने.

एक्सपोर्ट करण्याआधी वर-खालच्या बाणांनी एकेका कटवर उडी मारत जा. एकाच जोडावर प्लेहेड अगदी जवळजवळ दोनदा थांबला तर तिथे फट आहे, स्नॅपिंग परत ऑन करून तो क्लिप ओढून चिकटवा.