स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला गावच्या शाळेत घालताना

जूनमध्ये शाळा भरण्यापूर्वी, वर्ग रिकामे असताना, मुलाला दोन-तीनदा शाळेत नेऊन त्याची जागा, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह दाखवावे. परभणी-बीडकडील अनेक शाळांवर पत्रे असतात. पावसाचा त्यावरील आवाज मोठ्यांनाही नकोसा होतो, मग ध्वनी सहन न होणाऱ्या मुलाने कान झाकून धरले तर त्याला हट्ट समजू नये.

शिक्षकांना एका कागदावर लिहून द्यावे: मूल कशाने बिथरते, कशाने शांत होते, तहान लागल्याचे कसे सांगते. निदानाच्या जाड फायलीपेक्षा हा कागद अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे. शिक्षकांनी दिवसाचा क्रम चित्रांनी फळ्याशेजारी लावावा, एका वेळी एकच छोटी सूचना द्यावी आणि उत्तरासाठी थांबावे. हे थांबणेच सर्वांत अवघड जाते. खिचडीचा वास किंवा स्पर्श सोसत नसेल तर घरचा डबा खाऊ द्यावा. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासारखा, ध्वनिक्षेपकाचा कार्यक्रम असल्यास आदल्या दिवशीच चित्रे दाखवून कल्पना द्यावी, आणि गोंधळ असह्य झाल्यास बसायला शांत कोपरा ठरवून ठेवावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. त्यामुळे दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी (यूडीआयडी) लवकर अर्ज करावा आणि गटसाधन केंद्रातील (शाळांना साहाय्य करणारे तालुका पातळीवरील शासकीय केंद्र) विशेष शिक्षकांची भेट घ्यावी.