डॉक्टरांची वेळ मिळत नाही? कुठे जायचं हे ठरवताना या चुका टाळा

फोन लावावा आणि पलीकडून उत्तर यावं, "पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची आहे." मग बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. कुणी निमूटपणे तारीख लिहून घेतं आणि वाट बघत बसतं. कुणी घाबरून थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाऊन पहाटेपर्यंत बाकावर बसतं. दोघांच्याही हातून खरा प्रश्न निसटलेला असतो: हा त्रास आपल्याला किती वेळ देणार आहे? अर्धा तास, आजचा दिवस, दोन-तीन दिवस की काही आठवडे? त्याचं उत्तर मिळालं की कुठे जायचं हे बरंचसं आपोआप ठरतं. ते मिळू न देणाऱ्या नेहमीच्या चुका अशा.

मिळालेल्या तारखेवर विसंबून राहणं

रिसेप्शनवरून मिळालेली तारीख डॉक्टरांच्या वहीत जागा कुठे रिकामी आहे एवढंच सांगते. तुमच्या आजाराला तेवढं थांबणं परवडेल की नाही, हे त्या तारखेला माहीत नसतं. तरीही एकदा तारीख मिळाली की मनाला वाटतं, चला, काम झालं.

काही आजारांची घड्याळं ठरलेली आहेत. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन पक्षाघात झाला, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मुलग्याच्या किंवा तरुणाच्या वृषणाला पीळ पडला, तर पहिल्या सहा तासांत शस्त्रक्रिया झाली की ते वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. मुलगे लाजेपायी "पोटात दुखतंय" एवढंच सांगतात, म्हणून तिथे थेट विचारावं लागतं. पक्का दात मुळासकट पडला, तर तो तासाभरात, शक्य तितक्या लवकर, जागेवर बसवायला हवा; तोवर दुधात ठेवावा, मूळ घासू नये. नागिणीचे फोड उठल्यावर विषाणूविरोधी गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर जास्त उपयोगी पडतात. म्हणजे नागीण तातडीच्या विभागाची बाब नाही, पण तीन आठवड्यांचीही नाही. या मधल्या गटातल्या माणसांचीच सर्वांत जास्त आबाळ होते, कारण त्यांना दोन्हीकडे आपली जागा दिसत नाही.

जास्त दुखतंय तेच गंभीर, असं मानणं

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो.

दाढदुखी माणसाला रात्रभर येरझाऱ्या घालायला लावते. मूतखडा तर गडाबडा लोळवतो. याउलट पक्षाघातात बहुतेकदा काहीच दुखत नाही. तोंड एका बाजूला वाकडं होतं, हात वर धरला की खाली येतो, बोलणं अडखळतं, आणि घरचे म्हणतात, "झोप झाली नसेल, जरा पडू दे." पडू देऊ नका. ही लक्षणं दहा मिनिटांत गेली तरीही लगेच रुग्णालय गाठा, कारण असा निसटता झटका पुष्कळदा मोठ्या झटक्याची सूचना असतो. माणूस शेवटचा पूर्ण ठीक कधी दिसला, ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

हृदयविकाराचंही असंच. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं आणि कळ डाव्या हातात जाणं हे चित्र सगळ्यांना ठाऊक असतं. पण स्त्रियांना, वयस्कर माणसांना आणि मधुमेह असलेल्यांना अनेकदा नुसती धाप, मळमळ, घाम, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, किंवा कारण नसताना आलेला प्रचंड थकवा एवढंच जाणवतं. त्यांचा दिवस मग "ॲसिडिटी असेल" म्हणण्यात जातो.

काही गोष्टी तर सुरुवातीला अजिबात त्रास देत नाहीत. पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर पोटात गेलं, तर पहिला दिवसभर माणूस ठणठणीत दिसू शकतो आणि आत यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं. मुलाने बटणासारखी छोटी बॅटरी गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. अशा वेळी लक्षणांची वाट बघायची नसते.

म्हणून "किती दुखतंय?" याच्या आधी तीन प्रश्न विचारा. अचानक सुरू झालं का? वाढत चाललंय का? श्वास, शुद्ध, बोलणं, चालणं, लघवी यांपैकी काही बदललंय का? आयुष्यात कधी झाली नाही अशी, क्षणात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी. एका डोळ्यासमोर अचानक पडदा आल्यासारखं होणं. कंबरदुखीबरोबर जांघेतली जागा बधिर होणं आणि लघवी अडणं. एकच पाय सुजून दुखणं आणि त्यात धाप लागणं. तापात माणूस असंबद्ध बोलू लागणं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागणं. यांपैकी काहीही असेल तर अपॉइंटमेंटचा विचार सोडा.

लहान मुलांसाठी वेगळा हिशेब आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त ताप आला, तर बाळ हसत असलं तरी त्याच दिवशी, तातडीने तपासून घ्यायचं. मोठ्या मुलाच्या तापाचा आकडा तेवढं सांगत नाही. ते कसं वागतंय ते जास्त सांगतं. पीत नाही, लघवी फार कमी झाली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात, हाक मारली तरी डोळे नीट उघडत नाही, किंवा अंगावरचे लाल-जांभळे ठिपके काचेचा ग्लास दाबूनही फिके पडत नाहीत, तर थांबायचं नाही. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, चेहरा अचानक सुजणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं, यासाठी नेहमीच्या डॉक्टरांच्या वेळेची वाट न बघता प्रसूती विभागाला थेट फोन करावा.

आणि जीव द्यावासा वाटतोय असं कुणी म्हणालं, तर तीही छातीत दुखण्याइतकीच तातडीची गोष्ट आहे. त्या माणसाला एकटं सोडू नका. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ पुढच्या महिन्यातली असली, तरी तातडीचा विभाग आज उघडा असतो.

स्वतः गाडी चालवत निघणं

छातीत दुखत असताना, किंवा पक्षाघाताची शंका असताना, रुग्णाने स्टिअरिंगला हात लावू नये. रुग्णवाहिका बोलावण्याचं कारण फक्त वेग नाही. त्यातली माणसं वाटेतच उपचार सुरू करू शकतात, रुग्णालयाला आधी कळवू शकतात आणि कुठे न्यायचं हेही त्यांना ठाऊक असतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पक्षाघाताच्या रुग्णाला मेंदूचा सीटी स्कॅन लगेच होईल अशाच ठिकाणी न्यायला हवं. जवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं आणि तिथून पुढे पाठवलं, तर साडेचार तासांतला मोलाचा वेळ रस्त्यातच जातो. आपल्या भागात अशी सोय कुठे आहे, हे आज, सगळे ठीक असताना विचारून ठेवा.

तातडीच्या विभागाला लवकर मिळणारी ओपीडी समजणं

तिथे पहिला आला त्याला पहिला नंबर अशी पद्धत नसते. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक दोमिनिक ज्याँ लारे याने हुद्दा न बघता जखम बघून कुणाला आधी हात लावायचा हे ठरवायला सुरुवात केली, आणि आजची रुग्णवर्गवारी त्याच विचारावर उभी आहे. मँचेस्टर पद्धत ही अशीच एक वर्गवारी; तिच्यात निकडीनुसार पाच रंग असतात. लाल रंगाच्या रुग्णाला ताबडतोब बघायचं असतं, नारिंगीला १० मिनिटांत, पिवळ्याला तासाभरात, हिरव्याला दोन तासांत, निळ्याला चार तासांत. गर्दी असेल तर हिरवा-निळा रुग्ण याहूनही जास्त ताटकळतो.

आणि एवढं थांबून हाती काय लागतं? जिवाला धोका नाही ना, हे तिथले डॉक्टर पाहतात. सहा महिन्यांची गुडघेदुखी, रक्तदाबाच्या गोळ्यांचा मेळ, जुनी ॲलर्जी यांची उकल तिथे होत नाही. "तुमच्या डॉक्टरांना दाखवा" असा कागद मिळतो. म्हणजे रात्र गेली आणि प्रश्न तिथेच राहिला. तरीही एक गोष्ट ठामपणे सांगतो: वर सांगितलेल्यांपैकी एखादं लक्षण असेल, किंवा खरोखर शंका असेल, तर "उगाच त्रास नको" म्हणून घरी बसू नका. तपासून काही निघालं नाही, तर ती फेरी वाया गेली असं कुणी म्हणणार नाही.

मधल्या जागा विसरणं

डॉक्टर आणि तातडीचा विभाग यांच्या मध्ये बरीच माणसं असतात. फार्मासिस्टला डोळे येणं, तोंड येणं, साधी सर्दी, अंगावरची खाज यांबद्दल चांगलं सांगता येतं, आणि चालू असलेल्या गोळ्यांबरोबर कोणतं औषध चालत नाही हेही. मात्र तुम्ही घेत असलेल्या सगळ्या औषधांची नावं त्यांना सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर आयबुप्रोफेन घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मुरगळलेला पाय किंवा धरलेली मान फिजिओथेरपिस्टला, दात दंतवैद्याला. फक्त दाताची सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, तर दंतवैद्याची वाट न बघता रुग्णालय.

व्हिडिओ कॉलवरचे डॉक्टर रिपोर्ट वाचायला, चालू गोळ्या पुढे लिहून द्यायला, पुरळ बघायला उपयोगी पडतात. पुरळाचा फोटो उजेडात आधीच काढून ठेवा. पण पडद्यावरून पोट दाबून बघता येत नाही, छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही, कानात डोकावता येत नाही. तिथे ही वाट धरली तर एक दिवस आणि एक फी जाते, आणि शेवटी प्रत्यक्ष जावंच लागतं.

फोनवर कमी सांगणं

"जरा बरं वाटत नाहीये, डॉक्टरांना दाखवायचंय." या वाक्यावर कुणीही पुढची रिकामी तारीखच देईल. त्याऐवजी असं सांगून बघा: "वय ६२, मधुमेह आहे. पायाला चार दिवसांपूर्वी जखम झाली, कालपासून लाली वर सरकतेय, आज थंडी वाजून ताप आला. मला आजच कुणीतरी बघायला हवं. तुमच्याकडे शक्य नसेल तर कुठे जाऊ?" वय, जुना आजार, कधीपासून, काय बदललं आणि शेवटी थेट प्रश्न. नर्स किंवा डॉक्टर दोन मिनिटं फोनवर बोलू शकतील का, हेही विचारा. रद्द झालेल्या वेळेसाठी नाव नोंदवायला सांगा. सकाळी दवाखाना उघडताच पुन्हा फोन करा, कारण रद्द झालेल्या जागा तेव्हाच कळतात. हे मागे लागणं नव्हे. तुमची निकड त्यांना दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळणार?

हळू वाढणारं मागे ढकलणं

शौचातून रक्त, न प्रयत्न करता उतरणारं वजन, स्तनातली गाठ, पाळी कायमची थांबल्यानंतरचा रक्तस्राव, तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, तोंडातला न भरणारा व्रण. रात्री धावण्याची गरज नाही, पण "अपॉइंटमेंटच मिळत नाही" म्हणून यात महिने घालवू नयेत. फोन करताना नेमकं लक्षण उच्चारा. "गाठ लागतेय" हे शब्द संकोचाने गिळले जातात आणि तारीख लांबते.

डब्यातल्या जुन्या गोळ्यांवर वेळ काढणं

मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक्सचा सर्दी-फ्लूच्या विषाणूंवर काहीच परिणाम होत नाही. जिवाणूंचा संसर्ग असला तरी अर्धवट आणि चुकीच्या औषधाने तो दबतो आणि पुढच्या तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं. याची उलटी चूकही तितकीच वाईट: वेळ मिळत नाही, गोळ्या संपल्या, म्हणून त्या बंद करणं. फिटच्या गोळ्या, इन्सुलिन, बरेच दिवस चालू असलेली स्टेरॉइड्स आणि रक्त पातळ करणारी औषधं अचानक थांबवणं धोक्याचं असतं. पुरवठा दोन आठवड्यांचा उरला की फोन करा, आणि पूर्ण तपासणीची वेळ मागण्याऐवजी "फक्त औषध पुढे चालू ठेवायला लिहून हवंय" असं सांगा. हे काम बहुतेक ठिकाणी लवकर होतं.

तपासून घरी आल्यावर निश्चिंत होणं

तपासणी त्या क्षणापुरती असते. ॲपेंडिक्सचं दुखणं सकाळी बेंबीभोवती असतं आणि संध्याकाळपर्यंत उजवीकडे खाली सरकतं. सकाळच्या डॉक्टरांना ते दिसलेलं नसतं. डेंग्यूत ताप उतरल्यावर घरच्यांना हायसं वाटतं, पण धोक्याचा काळ बहुधा तेव्हाच सुरू होतो. पुढच्या एक-दोन दिवसांत सतत उलट्या, पोटात जोराची कळ, हिरड्यांतून रक्त किंवा गळून गेल्यासारखी ग्लानी आली, तर लगेच परत जावं लागतं. म्हणून दवाखान्यातून निघण्याआधी विचारून घ्या: काय झालं तर परत येऊ? किती दिवसांत बरं वाटायला हवं? रात्री त्रास वाढला तर कुठे जाऊ? उत्तरं केसपेपरवरच लिहून द्यायला सांगा, म्हणजे रात्री रुग्णाजवळ जे कुणी असेल त्याला ती वाचता येतील.